शब्दविचार : सनद

गंगाखेडकडील एका वाचकांनीं एक लांबलचक पत्र धाडलें आहे. त्यांच्या घरीं देवघराच्या माळ्यावर एक पितळी डबा असून त्यांत तीन जुने कागद आहेत. एक मोडी, दुसरा फारसी व तिसरा उर्दू. घरांतील वडील मंडळी तिन्ही कागदांना सरसकट 'सनद' म्हणतात. डबा थोरल्या पातीकडे आहे. आणि थोरल्या पातीचें म्हणणें असें कीं, सनद ज्याच्या हातीं, अधिकार त्याच्या हातीं. धाकटी पाती म्हणते, सनद पणजोबांच्या नांवची, तेव्हां ती सगळ्या कुळाची. पत्रलेखक मधल्या पातीचे. त्यांना दोन्हीकडचें ऐकून घ्यावें लागतें. म्हणून ते विचारतात कीं, 'सनद' ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, सनदेनें मिळतें तें नेमकें काय, आणि फर्मान व मुन्तखब हीं तिचींच दुसरीं नांवें कीं काय.

जमिनीचा निकाल सांगणें हें ह्या सदराचें काम नव्हे, तें वकिलांचें. परंतु एका शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळें भाऊबंदकीला खतपाणी मिळत असेल, तर शब्दापुरतें बोलणें प्राप्तच आहे.

आधीं शब्दाचें कूळ पाहूं. 'सनद' हा शब्द अरबी आहे. त्या भाषेंत स-न-द ह्या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ टेकणें, आधार घेणें असा आहे. ज्याला टेकून बसावें ती 'मसनद', म्हणजे लोड-तक्क्यांची बैठक, राजाची गादी. आणि ज्याच्या आधारानें आपलें म्हणणें उभें राहतें ती 'सनद'. मुसलमान शास्त्र्यांच्या हदीसविद्येंत पैगंबरांचें वचन कोणीं कोणापासून ऐकलें, त्या कथन करणारांच्या परंपरेस 'सनद' म्हणतात. मधला एक दुवा निसटला कीं वचन दुबळें ठरतें. आपल्याकडे गुरुपरंपरा सांगतात, तशांतलाच हा प्रकार. हिंदी मुलुखांत तर अजूनहि विद्यालयाच्या प्रमाणपत्रास सनदच म्हणतात. तात्पर्य, राजसत्तेशीं ह्या शब्दाचा मूळचा कांहीं संबंध नाहीं. मराठींत मात्र तो फारसीच्या हातीं हात देऊन दरबाराच्या दारानें आला, आणि त्यामुळें तो उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें शिक्का आणि मोर्तब उभें राहतें.

'फर्मान' हा शब्द फारसी. आणि संस्कृत शिकलेल्यांस ऐकून कौतुक वाटेल कीं, तो आपल्या 'प्रमाण' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. प्राचीन इराणी भाषेंत त्याचें रूप 'फ्रमाना' असें होतें. प्र हा उपसर्ग आणि मा हा धातु दोन्हीकडे तेच. इराणांत त्या शब्दाला आज्ञेचा अर्थ आला. आपल्याकडे तो ज्ञानाच्या साधनाकडे आणि पुराव्याकडे वळला. एकाच घरांतले दोन भाऊ, एक दरबारांत गेला आणि दुसरा पाठशाळेंत! मोगलाईच्या रिवाजाप्रमाणें फर्मान निघावयाचें तें बादशहाचें. शहाजाद्याच्या पत्राला 'निशाण' म्हणत, आणि खालच्या अधिकाऱ्यांच्या लेखी हुकमाला 'परवाना'. सनद हा शब्द मात्र असा कोणा एका पदाशीं जखडलेला नाहीं. कोणताहि अधिकार, उत्पन्न अगर वतन बहाल केल्याचा जो लेख, ती सनद. म्हणून बादशहाची सनद असे, छत्रपतींची असे, पेशव्यांची असे, आणि एखाद्या सरदारानें आपल्या उपाध्यायास करून दिलेलीहि असे.

'बहाल' शब्द ओघानें आला म्हणून सांगतों. ब-हाल, म्हणजे 'आहे त्या स्थितींत'. वतन बहाल केलें म्हणजे मुळांत नवें दिलें असें नव्हे, तर पूर्वीं चालत आलें तसें पुढें चालूं दिलें. आपण आतां पदव्या 'बहाल' करतों, त्यांत हा अर्थ उरला नाहीं.

राहिला 'मुन्तखब'. ह्याचा अरबी अर्थ निवडलेला, निवडून काढलेला असा आहे. हैदराबाद संस्थानांत इनामांची चौकशी होऊन, कोणाचें इनाम कोणत्या अटीवर कायम केलें ह्याचा जो उतारा इनामदारास मिळे, त्यास मुन्तखब म्हणत. म्हणजे मूळची देणगी सनदेनें, आणि चौकशीअंतीं तिची कायमी मुन्तखबानें. पत्रलेखकांच्या डब्यांतील उर्दू कागद हा बहुधा ह्या जातीचा असावा. ह्याच धातूपासून 'इंतिखाब' हा शब्द निघतो, आणि उर्दूंत त्याचा अर्थ निवडणूक! परभणी जिल्ह्यांतील ज्या पिढीनें बालपणीं घरांत मुन्तखब पाहिला, तिनेंच १९५२ सालीं इंतिखाबांत मत टाकलें. धातु एक, पण निवडणारा बदलला.

आतां कोणी म्हणेल, हे सगळे यावनी शब्द. आपल्या पूर्वजांजवळ ह्या अर्थाचा शब्द नव्हता काय? होता, आणि फार चांगला होता. तो म्हणजे 'शासन'. आज शासन म्हटलें कीं मुंबईचें सरकार किंवा मुलाला केलेली शिक्षा, एवढेंच मनांत येतें. पण ताम्रपटांत 'शासन' म्हणजे राजाचा लेख. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शासन कसें लिहावें ह्यावर एक अख्खा अध्याय खर्च केला आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व असे लेखाचे सहा गुण त्यानें सांगितले. हल्लींच्या सरकारी परिपत्रकांत ह्यांपैकीं किती सांपडतात तें वाचकांनींच पाहावें. त्याच अध्यायांत लेखांचे जे प्रकार आहेत, त्यांत 'परीहार' म्हणजे करांतून सूट देणारा आणि 'निसृष्टि' म्हणजे दुसऱ्यास आपल्या वतीनें करण्या-बोलण्याचा अधिकार सोंपवणारा. आपल्या 'सनदे'ला अत्यंत जवळचा शब्द शोधावयाचा तर तो हा 'निसृष्टि'. पूर्ण अधिकार देऊन धाडलेल्या दूतालाहि कौटिल्य 'निसृष्टार्थ' म्हणतो. ज्याचा अधिकार मर्यादित तो 'परिमितार्थ', आणि जो केवळ पत्र पोंचवतो तो 'शासनहर'. घरांतून लग्नाच्या बोलणीसाठीं माणूस पाठवतांना त्याला निसृष्टार्थ म्हणून पाठवलें आहे कीं शासनहर म्हणून, हें आधीं ठरवलें असतें तर कित्येक रुसवे टळले असते.

गोदावरीच्या कांठानें वर गेलें तर नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा कोरलेल्या आहेत. त्यांची हकीगत मोठी मौजेची आहे. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं राजानें गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा केली कीं, पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंना द्यावें. शिवाय परीहार दिले: राजपुरुषांनीं त्या शेतांत शिरूं नये, तेथें मिठासाठीं खणूं नये, इत्यादि. सहा वर्षांनीं दुसरी आज्ञा निघाली. तींत राजाच्या आईचाहि उल्लेख आहे. कारण काय, तर तें शेत कोणी कसतच नव्हतें आणि तो गांवहि वसलेला नव्हता! मग नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या शेतांतून शंभर निवर्तनें देण्यांत आलीं. सनद मिळाली म्हणजे धान्य घरांत आलें असें नव्हे, हें भिक्षूंना त्या काळींच कळून चुकलें होतें.

आपल्या उत्तरेस लागूनच असलेल्या वाशीमला १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट सांपडला. तो त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षाचा आहे. वंशावळ संस्कृतांत आणि व्यवहाराचा भाग प्राकृतांत. म्हणजे मान राखावयाला एक भाषा आणि काम चालावयाला दुसरी. त्यांत दान दिलेला गांव नान्दीकटाच्या, म्हणजे आपल्या नांदेडच्या, उत्तरेकडील भागांतला आहे. तेव्हां 'शासन' ही कांहीं दूर देशींची गोष्ट नव्हे. गोदावरी-पूर्णेच्या ह्या टापूंत सोळाशें वर्षांपूर्वीं ती चालूं होती.

ह्या सर्व लेखांच्या मागचा नियम याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत सांगितला आहे. भूमि द्यावी किंवा निबंध करून द्यावा, तेव्हां पुढें होणाऱ्या भल्या राजांना कळावें म्हणून राजानें लेख करावा; तो वस्त्रावर किंवा ताम्रपटावर असावा, त्यावर आपली मुद्रा असावी, पूर्वजांचीं व आपलें नांव, दानाचें प्रमाण, शिवा, काल आणि स्वतःची सही असावी. येथें 'निबंध' म्हणजे शाळेंत पोरांना लिहावयास देतात तो नव्हे. निबंध म्हणजे अमुक इतक्या मालावर अमुक इतकें नेहमीं द्यावें, असें बांधून दिलेलें उत्पन्न. ह्यावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत जी टीप दिली आहे, ती ह्या सगळ्या चर्चेचा कणा आहे. तो म्हणतो कीं, ह्यावरून भूमि देण्याचा किंवा निबंध करून देण्याचा अधिकार राजालाच आहे, भोगपतीला, म्हणजे उत्पन्न भोगणाऱ्या अधिकाऱ्याला, नाहीं. विज्ञानेश्वर बसला होता कल्याणीस, चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानींत. परभणीहून फार लांब नाहीं. ज्याला दिलें आहे त्याला पुढें देतां येत नाहीं. जें मिळालें तें भोगणें, धनीपण नव्हे. पत्रलेखकांनीं एवढें एक वाक्य दोन्ही पातींना वाचून दाखवावें.

आतां ह्या शब्दाच्या इतिहासांतील जी सर्वांत मोठी गोष्ट, तिच्याकडे येऊं. औरंगजेबानें १६६८ सालीं शिवाजीमहाराजांस 'राजा' हा किताब मान्य केला होता. कागदाला टेकून बसावयाचें असतें तर महाराजांना तेवढें पुरलें असतें. परंतु त्यांनीं ६ जून १६७४ रोजीं रायगडावर अभिषेक करवून घेतला, आणि तो सांगणारे गागाभट्ट काशीचे असले तरी त्यांचें मूळ घराणें आपल्या पैठणचें. सनद आणि अभिषेक ह्यांतला भेद येथें स्वच्छ दिसतो. सनदेला देणारा वरचढ लागतो. अभिषेकाला लागत नाहीं. सनद घेणारा कोणाचा तरी सनदी असतो; अभिषिक्त हा कोणाचाहि नसतो.

पुढें पंचेचाळीस वर्षांनीं, मार्च १७१९ मध्यें, बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून तीन सनदा घेऊन निघाले. एक स्वराज्याची, एक चौथाईची, एक सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे शेंकडा दहा. आणि ती दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर. वऱ्हाड हा त्या सहांतला एक सुभा, आणि पाथरी ही त्या सुभ्यांतली एक सरकार. म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्याचा बराच मुलूख त्या कागदांत आला. बदल्यांत शाहूमहाराजांनीं पंधरा हजार घोडा बादशाही चाकरीस ठेवावयाचा आणि स्वराज्याबद्दल दहा लाखांची पेशकश द्यावयाची होती.

'स्वराज्याची सनद' हा शब्दप्रयोगच किती चमत्कारिक आहे! जें स्व-राज्य, तें दुसऱ्याच्या मोर्तबानें कसें मिळावें? कित्येक विद्वानांनीं ह्यावरून बाळाजी विश्वनाथांस बोल लावला आहे, कीं आजोबांनीं अभिषेकानें मिळवलेलें नातवानें सनदेनें घेतलें. मला हा बोल सर्वस्वीं पटत नाहीं. त्या वेळीं दिल्लीचें तख्त सय्यद बंधूंच्या हातचें बाहुलें झालें होतें. कागद देणारा दुबळा आणि घेणारा सबळ, अशी ती वेळ होती. पेशव्यांना राज्य नको होतें असें नाहीं. त्यांना परमुलुखांतील वसुलाच्या वेळीं गांवच्या पाटलापुढें टाकावयाला एक कागद हवा होता. सनदेचा धात्वर्थ टेका असा सांगितला तो येथें शब्दशः लागू पडतो. चालणारे पाय आपलेच. काठी तेवढी दिल्लीची.

परंतु काठीवर टेकणारानें काठी काढून घेतली जाण्याची तयारी ठेवावी लागते. निजामुल्मुल्क हा दक्षिणेंत स्थिर झाला तो १७२४ सालीं साखरखेर्ड्याची लढाई जिंकून. 'आसफजाह' हा बादशाही किताब त्याला मिळाला तो नंतर. म्हणजे त्याच्या बाबतींत आधीं तलवार आणि मागाहून कागद. असा मनुष्य दुसऱ्याच्या कागदाला काय भीक घालणार! त्यानें एक नामी शक्कल काढली. चौथाईची सनद छत्रपतींच्या घराण्याला आहे हें खरें. परंतु त्या घराण्यांत पाती दोन, साताऱ्याचे शाहूमहाराज आणि कोल्हापूरचे संभाजीमहाराज. खरा धनी कोण, हें आधीं ठरूं द्या. तोंवर वसूल मी अडकवून ठेवतों, असें तो म्हणाला. गंगाखेडच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. डबा कोणाचा, हा वाद त्यांच्याच घरीं प्रथम झाला असें नाहीं. आणि अशा वादाचा लाभ भावाला होत नसून शेजाऱ्याला होतो, हेंहि जुनेंच आहे. पहिल्या बाजीरावानें ह्या शंकेचें निरसन फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडास केलें, आणि मार्च महिन्यांत मुंगी-शेवगांव येथें निजामानें तह करून शाहूमहाराजांचा चौथाईचा हक्क मान्य केला. मुंगी हें गोदाकांठचें गांव पैठणच्या जवळच आहे.

दिल्लीच्या कागदांचा हा सोस पुढेंहि सुटला नाहीं. 'वकील-इ-मुतलक' ही पदवी महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं पेशव्यांच्या नांवें मिळवली आणि १७९२ सालीं पुण्यास मोठा दरबार भरवून सवाई माधवरावांस ती अर्पण केली. त्या वेळीं बादशहा शिंद्यांच्याच आश्रयानें राहत होता. ह्याच बादशहानें, शाहआलमानें, १७६५ सालीं कंपनी सरकारास बंगाल, बिहार व ओरिसा ह्यांची दिवाणी दिली होती, वर्षास सव्वीस लाख रुपयांच्या बोलीवर. ती सनद मात्र कंपनीनें दरबार भरवून मिरवण्यांत घालवली नाहीं. तिच्यावर राज्य उभें केलें.

पेशवाईंत खुद्द पेशव्यांचा अधिकार कसा मिळे, हेंहि पाहण्यासारखें आहे. तेथें कागदापेक्षां 'वस्त्रें' महत्त्वाचीं. साताऱ्याहून छत्रपतींचीं वस्त्रें आलीं म्हणजे पेशवेपद मिळालें. सवाई माधवरावांना तीं मिळालीं तेव्हां ते अवघे चाळीस दिवसांचे होते. आपल्या एकत्र कुटुंबांत सासूबाईंनीं किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातीं दिला कीं कारभार बदलला असें समजतात. सनद कोणी लिहून देत नाहीं, पण तिच्याहून पक्की. सत्ता सोंपवण्याच्या ह्या दोन तऱ्हा, एक हातानें देण्याची आणि दुसरी लिहून देण्याची, जगांत सर्वत्र आहेत.

मराठी सनदांतून एक कलम बहुधा असतें: 'ताज्या सनदेचा उजूर न करणें', म्हणजे दर वर्षीं नवी सनद दाखवा असें म्हणून अडवूं नये, आणि 'तालीक लिहून घेऊन असल परतोन देणें', म्हणजे नक्कल ठेवून मूळ कागद धन्याला परत करावा. हीं कलमें लिहावीं लागत, ह्यावरूनच लोक अडवीत होते हें उघड आहे. इनाम, वतन आणि सरंजाम ह्यांत भेद होता. सरंजाम हा चाकरीसाठीं असे आणि वारसास नवी सनद व नजराणा लागे. इनाम बहुधा वंशपरंपरा चाले. परंतु दोन्हींत दिलें जाई तें बहुतेक करून सरकारचा वसूल घेण्याचा हक्क. जमीन कसणारा कुळंबी आपल्या जागीं असेच. हा बारकावा लक्षांत न आल्यामुळें 'सनद म्हणजे मालकी' असा समज रूढ झाला.

कागदावरच सारें अवलंबून ठेवलें म्हणजे काय होतें, त्याचा अनुभव मुंबई इलाख्यास १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें नेमलेल्या इनाम कमिशननें दिला. सनद दाखवा, नाहींतर इनाम सोडा. ज्यांचे कागद वाळवीनें खाल्ले, ज्यांच्या घरीं आग लागली, ज्यांनीं ते भाबडेपणानें नदींत सोडले, अशा हजारों घरांचीं उत्पन्नें गेलीं. त्याच सुमारास सातारा १८४८ त, झांशी व नागपूर १८५४ त, दत्तक नामंजूर करून खालसा झालीं. पुढें १८५७ चा वणवा पेटल्यावर सरकारचे डोळे उघडले, आणि १८६२ मध्यें लॉर्ड कॅनिंग ह्यानें संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. धर्मशास्त्रानें प्रत्येक गृहस्थाला दिलेला दत्तकाचा अधिकार राजांना मात्र परक्यानें कागदावर लिहून द्यावा लागला.

ह्यानंतर ह्या शब्दाला एक नवें पोर झालें: 'सनदशीर'. इंग्रजी विद्या शिकलेल्यांनीं राजकारणांतल्या नेमस्त मार्गासाठीं तो वापरला. गोपाळराव गोखल्यांनीं फेब्रुवारी १९०७ मध्यें अलाहाबादेस सनदशीर चळवळीचें विस्तृत विवेचन केलें. लोकमान्यांचा त्यावर आक्षेप मूळ शब्दालाच होता: ज्या देशाला सनदच नाहीं, तेथें सनदशीर म्हणजे काय? १८५८ चा राणीचा जाहीरनामा नेमस्तांना सनदेसारखा वाटे. परंतु जाहीरनामा देणाराच्या मर्जीवर असतो, असा टिळकपक्षाचा रोख होता. दोघेहि थोर, पण केवळ शब्दार्थाच्या दृष्टीनें पाहतां मला लोकमान्यांचें म्हणणें अधिक चोख वाटतें.

निजामी राजवटींत तर हा शब्द अधिकच केविलवाणा होता. सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' प्रमाणें आधीं परवानगी काढावी लागे. तशाहि स्थितींत महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें भरलें. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. जालना जिल्हा वेगळा झाला तो १९८१ सालीं. परिषदेची दिशा होती जबाबदार राज्यपद्धतीची, आणि तीहि राजाची गादी कायम ठेवून. म्हणजे शब्दाच्या काटेकोर अर्थानें 'सनदशीर'. पुढल्याच वर्षीं स्टेट काँग्रेसवर तिचा जन्म होण्यापूर्वींच बंदी आली. जून १९४७ मध्यें निजामांनीं फर्मान काढलें कीं, इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम होणार. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें प्रकरण आटोपलें. पण ह्या वंशाचें शब्ददृष्ट्या खरें विलक्षण फर्मान पुढचें, २३ नोव्हेंबर १९४९ चें. त्यांत त्याच निजामांनीं भारताची राज्यघटना आपल्या संस्थानास लागू होणारी म्हणून मान्य केली. सवादोनशें वर्षें ज्या घराण्यानें सनदा दिल्या, त्यानें अखेरीस दुसऱ्याचा लेख प्रमाण मानला. फर्मान आणि प्रमाण हे भाऊ त्या दिवशीं पुनः एका घरांत आले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राज्यघटनेला कित्येक लेखक आजहि 'सनद' म्हणतात. मला तें रुचत नाहीं. फ्रान्सांत १८१४ सालीं अठराव्या लुईनें प्रजेला सनद दिली तेव्हां ती राजानें कृपा करून दिलेली आहे असें तींत मुद्दाम लिहिलें होतें. १८३० च्या क्रांतीनंतर तीच सनद सुधारून घेतली, तेव्हां लोकांनीं प्रथम तो कृपेचा मजकूर काढून टाकला. इंग्लंडच्या १२१५ च्या मोठ्या सनदेचीहि तीच गत. भाषा देणगीची आणि वस्तुस्थिति सक्तीची. आपली घटना कोणीं कोणास दिलेली नाहीं. लोकांनीं ती स्वतःच स्वतःस घालून दिली. तेथें देणारा आणि घेणारा एकच, म्हणून सनद हा शब्द लागू पडत नाहीं. हाच न्याय मानवी हक्कांना. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या लेखास सनद म्हणणें रूढ आहे, तें असूं द्यावें. पण १९४८ चा मानवी हक्कांचा लेख हा जाहीरनामा आहे. जें जन्मतः आहे, तें जाहीर करावयाचें असतें. बहाल करावयाचें नसतें.

'सनदी अधिकारी' आणि 'सनदी लेखापाल' हे शब्द मात्र निर्दोष आहेत, कारण तेथें अधिकार खरोखरच कोणीतरी देतो. वकिलांची सनदहि तशीच. ती आजकाल वकील परिषद देते, आणि गैरवर्तन झालें तर काढूनहि घेते. जें काढून घेतां येतें तीच सनद; ही खूण लक्षांत ठेवली तर शब्द चुकीच्या जागीं पडत नाहीं. 'अमरपणाची सनद घेऊन कोणी आला नाहीं' असें आपल्या घरांतल्या बायका म्हणतात, त्यांत शब्दाचा हा अर्थ किती अचूक साधला आहे!

पत्रलेखकांनीं व्याकरणाचीहि एक शंका विचारली आहे. सनद हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचें अनेकवचन 'सनदा' असें करावें. 'सनदी' हें विशेषण आहे. 'सनदपत्र' हा शब्द कित्येक वापरतात. त्यांत पुनरुक्ति आहे; पण कानाला खटकत नसेल तर वापरावा.

राहिला डब्याचा प्रश्न. आपल्या भागांत जहागिरी ऑगस्ट १९४९ मध्यें संपल्या, आणि इनामें व रोख अनुदानें बंद करण्याचा हैदराबादचा कायदा १९५४ सालचा आहे. मूळ सनदेचा देणारा राहिला नाहीं, आणि ज्या स्वरूपांत तिनें दिलें तें स्वरूपहि राहिलें नाहीं. आज शेत कोणाचें, हें सात-बारा आणि त्यामागचीं प्रकरणें सांगतील. मंदिर-मशिदीच्या सेवेची खिदमतमाश असेल तर तिचे नियम निराळे, तें वकिलांस विचारावें. पण कागद हातांत आहे म्हणून थोरल्या पातीला त्याच्या जोरावर कांहीं अधिक मिळत नाहीं, आणि कागद नाहीं म्हणून धाकटीचें कांहीं कमी होत नाहीं. सनदेंत नांव कोणाचें आहे आणि पुढें 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरा' असे शब्द आहेत कीं नाहींत, हें मोडी जाणणाऱ्याकडून आधीं वाचून घ्यावें. भांडणारांपैकीं कोणींहि तो कागद अद्याप वाचलेला नाहीं, असें पत्रावरून दिसतें.

आणि एक. तिन्ही कागद गोदावरींत सोडावे असा विचार घरांतील कोणी वृद्ध गृहस्थ करीत आहेत, असेंहि पत्रांत आहे. तें करूं नये. पितळी डब्यांतून काढून सुती कापडांत ठेवावे, कडूनिंबाचा पाला घातला तर ओला घालूं नये, आणि चिकटपट्टी अगर पारदर्शक कागद त्यांवर मुळींच चिकटवूं नये. तिन्हींचीं छायाचित्रें काढून प्रत्येक पातीनें एकेक संच ठेवावा. फारसी कागद वाचणारा जवळ मिळाला नाहीं तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पत्र टाकावें. तालीक लिहून घेऊन असल परतोन देणें, हें कलम त्यांनाहि लागू आहे, असें नम्रपणें कळवावें म्हणजे झालें.